गुलाबी पाण्यातले विषाणू

विषाणू वाढवायचा तर आधी पेशी वाढवाव्या लागतात. जिवाणूंचे तसे नसते. कोमट दुधात विरजण घातले की ते रातोरात कोट्यवधींनी वाढतात आणि सकाळी दही लागलेले असते. विषाणूला मात्र दूध, साखर, मटणाचा रस्सा काहीही द्या, तो होता तसाच पडून राहतो. प्रथिनांच्या आवरणात गुंडाळलेली जनुकीय मजकुराची एक पट्टी, एवढाच त्याचा संसार. खाणे, पचवणे, वाढणे यांतले काहीही त्याला स्वतःच्या बळावर येत नाही. जिवंत पेशीत शिरकाव झाला की मात्र तो तिचीच यंत्रे आणि तिचाच कच्चा माल वापरून स्वतःच्या हजारो नकला काढून घेतो. म्हणून विषाणूंच्या प्रयोगशाळेत बराच वेळ आणि काळजी पेशींवरच खर्च होते.

पुणे जिल्ह्यातल्या जुन्नरच्या शेतकऱ्याला ‘टिश्यू कल्चर’ हा शब्द केळीच्या रोपांमुळे ओळखीचा आहे. वनस्पतीच्या शेंड्याचा कण काचेच्या बाटलीत वाढवून त्यापासून एकसारखी रोपे तयार होतात. प्राण्यांच्या पेशींचे तत्त्व त्याच्या जवळचे असले तरी त्यांची मिजास भारी. केळीच्या तुकड्यापासून पुन्हा केळ उभी राहते, पण गाईच्या मूत्रपिंडाच्या पेशींपासून गाय होत नाही. बाटलीच्या तळाशी पेशींचा एक पातळ थर पसरतो, तेवढेच. विषाणूला तेवढे पुरते.

हे तंत्र हाती येण्यापूर्वी विषाणू वाढवण्याचे ठिकाण म्हणजे जिवंत जनावर. त्याचा सर्वांत ओळखीचा नमुना म्हणजे पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावरची जुनी लस. मेंढीच्या मेंदूत विषाणू वाढवायचा, मेंदू वाटायचा, विषाणू मारायचा आणि तो अर्क माणसाला टोचायचा. पोटावरची चौदा इंजेक्शने म्हणून एक अख्खी पिढी ज्यांना घाबरत आली, ती हीच. त्या लशीत विषाणूबरोबर मेंदूचे पदार्थही येत, आणि काही जणांना त्यामुळे लकव्यासारखे विकार होत. भारतात ही लस २००४ च्या अखेरीस बंद झाली. तिची जागा पेशीसंवर्धनावर बनवलेल्या लशींनी घेतली आणि इंजेक्शने पोटावरून दंडावर आली. त्याच्या कितीतरी आधी, १९३१ मध्ये, अमेरिकेत अ‍ॅलिस वुड्रफ आणि अर्नेस्ट गुडपाश्चर यांनी कोंबड्यांच्या देवीचा विषाणू कोंबडीच्या उबवलेल्या अंड्यात वाढवून दाखवला होता. अंडे म्हणजे निसर्गानेच बांधून दिलेली बंद, निर्जंतुक बाटली. फ्लूची बरीचशी लस आजही अंड्यांतच तयार होते.

शरीराबाहेर पेशी जिवंत ठेवण्याचा पहिला ठाम प्रयोग १९०७ चा. रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या गर्भातील मज्जापेशी लसिकेच्या लटकत्या थेंबात ठेवल्या आणि त्यांतून तंतू वाढताना पाहिले. पुढची चाळीस वर्षे हे काम मूठभर हौशी आणि चिकाटीच्या माणसांपुरतेच राहिले, कारण पोषक द्रवात एखादा जिवाणू पडला की दुसऱ्या दिवशी बाटली गढूळ. पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिन आले तेव्हा हा जाच कमी झाला. १९४९ मध्ये जॉन एंडर्स, थॉमस वेलर आणि फ्रेडरिक रॉबिन्स यांनी पोलिओचा विषाणू मज्जासंस्थेशी संबंध नसलेल्या मानवी पेशींत वाढवला. तोवर पोलिओ फक्त मज्जापेशींतच वाढतो अशी समजूत होती आणि माकडांवाचून त्याचा अभ्यास होत नसे. या तिघांना १९५४ चे नोबेल मिळाले. पोलिओच्या लशीचे श्रेय लोक ज्यांना देतात ती नावे वेगळी आहेत, पण या प्रयोगावाचून ती लस झाली नसती.

पुण्यात विषाणूंचे काम सुरू झाले ते याच सुमारास. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून १९५२ मध्ये पुण्यात विषाणू संशोधन केंद्र उघडले. डास, गोचीड यांच्यामार्फत पसरणारे विषाणू शोधणे हे त्याचे मूळ काम. १९७८ पासून ही संस्था राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजे एनआयव्ही, या नावाने ओळखली जाते. सुरुवातीच्या काळात तिची मुख्य ‘बाटली’ होती उंदराचे एक-दोन दिवसांचे पिल्लू. रुग्णाच्या रक्ताचा सूक्ष्म थेंब पिल्लाच्या मेंदूत टोचायचा, रोज नोंद ठेवायची आणि पिल्लू आजारी पडले की त्याच्या मेंदूतून विषाणू काढायचा. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि माणसे तापाने फणफणली, तेव्हा गोचिडींमार्फत पसरणारा एक नवा विषाणू याच केंद्राने ओळखला. आपल्याकडे त्याला माकडताप म्हणतात. १९६५ मध्ये नागपूर भागात तापाची साथ असताना दोन रुग्णांच्या रक्तातून प्रवीण भट आणि एफ. एम. रॉड्रिग्ज यांनी एक अनोळखी विषाणू वेगळा काढला आणि त्याला गावाचे नाव दिले, चांदीपुरा. महाराष्ट्रातल्या एका गावाचे नाव असे जगभरच्या विषाणूशास्त्राच्या पुस्तकांत जाऊन बसले, जरी कोणत्याही गावाला हा मान नको असतो. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात मेंदूज्वराच्या साथीत ३२९ मुले आजारी पडली आणि १८३ दगावली. त्या साथीत एनआयव्हीने याच चांदीपुराकडे बोट दाखवले, आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे विषाणू दिसले.

पुण्याने जगाला दिलेली खरी भेट मात्र विषाणूची नसून पेशींची आहे, आणि ती फारशी कुणाला ठाऊक नाही. केंद्रातील के. आर. पी. सिंग यांनी एडिस अल्बोपिक्टस डासाच्या अंड्यांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या अळ्या घेतल्या, बारीक केल्या आणि त्यांच्या पेशी काचेत वाढवल्या. १९६७ मध्ये त्यांनी हे काम प्रसिद्ध केले. या पेशींना गाईगुरांच्या पेशींसारखी ३७ अंशांची ऊब लागत नाही, डासाला मानवेल असे २८ अंशांचे तापमान पुरते. पुढे १९७८ मध्ये जपानच्या अकिरा इगाराशी यांनी त्यांतून विषाणूंना विशेष अनुकूल असा वाण निवडून काढला. सी-६/३६ या नावाने तो आज जगभरातल्या डेंग्यू आणि चिकुनगुन्याच्या प्रयोगशाळांत असतो. तो इतका उपयोगी का, हे बऱ्याच वर्षांनी उलगडले: विषाणूचा मजकूर कापून टाकणारी डासाची एक बचावयंत्रणा या पेशींत लुळी पडलेली आहे. घराचे कुलूपच बिघडलेले असल्यावर पाहुण्याला आत यायला किती वेळ लागणार!

पेशींच्या या वंशावळींना ‘सेल लाइन’ म्हणतात. प्राण्याच्या अवयवातून थेट काढलेल्या पेशी प्राथमिक. त्या खऱ्या पेशींसारख्या वागतात, पण काही पिढ्यांनंतर थकतात. मानवी गर्भाच्या फुप्फुसांपासून १९६० च्या दशकात तयार झालेल्या पेशी सुमारे पन्नास वेळा विभागून थांबतात. उलट काही वंश कधीच थकत नाहीत. त्यांतला सर्वांत कष्टाळू म्हणजे ‘व्हेरो’. जपानच्या चिबा विद्यापीठात १९६२ मध्ये आफ्रिकन हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडापासून तो तयार झाला. हिरव्या मूत्रपिंडासाठी एस्पेरांतो भाषेत जे दोन शब्द आहेत, त्यांची टोके जोडून हे नाव बनले, आणि त्याच भाषेत ‘व्हेरो’ म्हणजे सत्य. बाळ हॅमस्टरच्या मूत्रपिंडाचा बीएचके-२१ हा वंश १९६१ चा. लाळ-खुरकूत लशीचा मोठा भार तो वाहतो. भारतात असे वंश सांभाळून संशोधकांना पुरवण्याचे काम पुण्यात गणेशखिंडीत, विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र करते. तिथे पेशी उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवलेल्या असतात आणि मागणीनुसार पाठवल्या जातात. बियाण्याचे कोठार म्हणावे, तसेच.

आता एका नमुन्याचा प्रवास पाहू. समजा, माळशेज घाटाच्या वाटेवर, पिंपळगाव जोग्याच्या पाण्याच्या बाजूला असलेल्या मढ गावात पावसाळ्यात एका गाईला ताप आला, आणि अंगावर गाठी उठल्या. लंपी असावा असे पशुवैद्यकाला वाटते. गोमाश्या, डास आणि गोचीड यांच्या दिवसांत हा रोग पसरतो आणि मढसारख्या भरपूर पावसाच्या भागात त्यांना तोटा नसतो. गाठीवरची खपली चिमट्याने उचलली जाते, बर्फाच्या डब्यात ठेवली जाते आणि शंभराहून अधिक किलोमीटरचा रस्ता कापून पुण्यात औंधच्या रोग निदान प्रयोगशाळेकडे निघते. रोग कोणता हे आज पीसीआर चाचणी काही तासांत सांगते, त्यासाठी विषाणू वाढवत बसण्याची गरज उरलेली नाही. मात्र पीसीआरला विषाणूचा मजकूर सापडतो, तो जिवंत होता की मेलेला हे कळत नाही. विषाणू जिवंत हाती हवा असेल, त्याचा वाण तपासायचा असेल, औषध किंवा लस करून पाहायची असेल, तर तो बाटलीतच वाढवावा लागतो, आणि अशा कामासाठी नेमलेल्या प्रयोगशाळेतच.

खपली खलात वाटतात, क्षारयुक्त द्रवात मिसळतात, प्रतिजैविके घालतात आणि अतिशय बारीक छिद्रांच्या गाळणीतून गाळतात. छिद्रे मायक्रॉनच्या अर्ध्याहून लहान. जिवाणू वर अडकतात, विषाणू खाली उतरतो. इकडे पेशींची तयारी आधीच झालेली असते. तळहाताएवढ्या चपट्या पारदर्शक बाटलीत गुलाबी द्रव असतो. त्यात क्षार, ग्लुकोज, जीवनसत्त्वे, अमिनो आम्ले आणि १० टक्क्यांच्या आसपास वासराचा रक्तरस. गुलाबी रंग फिनॉल रेड या सूचकाचा, आणि त्यावर नजर ठेवणे हे नवशिक्याचे पहिले शिक्षण. पेशींनी अन्न संपवून आम्ल सोडले की रंग केशरी होत पिवळ्याकडे झुकतो. जांभळट झाला तर उलट, द्रव अल्कधर्मी होत चाललेला. बाटली ३७ अंशांच्या आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडच्या कपाटात आडवी ठेवतात. दोन-तीन दिवसांत पेशी तळाला चिकटून एकमेकींना टेकतात आणि सूक्ष्मदर्शकात फरसबंदी केल्यासारखा सलग थर दिसतो.

तो थर झाला की जुना द्रव ओतून टाकतात आणि गाळलेल्या नमुन्याचे थोडेसे पाणी त्यावर सोडतात. तासभर बाटली हलक्या हाताने कलती करत राहायची, म्हणजे विषाणूला पेशीला धरायला वेळ मिळतो. नंतर रक्तरस कमी केलेला नवा द्रव घालायचा, कारण आता पेशींनी वाढायचे नसते, टिकून राहायचे असते. मग रोज बाटली सूक्ष्मदर्शकाखाली. पहिल्या दिवशी काही नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मग एका कोपऱ्यात पेशी गोलसर होऊन फुगलेल्या दिसतात, एकमेकींपासून सुटतात, फरसबंदीत खड्डे पडतात. काही विषाणू शेजारच्या पेशी एकत्र जोडून मोठे गोळे बनवतात. या बदलांवरून सरावलेली नजर विषाणूच्या जातीचा अंदाज बांधते, पण खात्री मात्र दुसऱ्या चाचणीने करायची. बदल दिसलाच नाही तर द्रव गोठवून, वितळवून नव्या पेशींवर घालतात. याला ‘आंधळा पॅसेज’ म्हणतात, आणि देवीच्या कुळातले लंपीसारखे हट्टी विषाणू अशा दोन-तीन फेऱ्यांनंतरच कधी कधी डोके वर काढतात.

किती विषाणू आहेत हे मोजण्याचीही युक्ती पेशींनीच दिली. रेनाटो डुल्बेको यांनी १९५२ मध्ये संसर्ग झालेल्या पेशींवर आगरचा थर ओतला. द्रव घट्ट झाल्याने विषाणूंना लांब पोहता येत नाही, तेव्हा एका विषाणूपासून पेशींच्या थरात एकच गोल भोक पडते. नंतर रंग चढवला की जिवंत पेशी रंगतात, मेलेल्या जागा रिकाम्या राहतात. भोके मोजली की विषाणू मोजले. दुसऱ्या पद्धतीत नमुना दहा-दहापट पातळ करत नेतात आणि अर्ध्या बाटल्यांना लागण करणारी पातळी शोधतात. लंपीसाठी दिल्या जाणाऱ्या शेळ्यांच्या देवीच्या लशीची मात्रा याच एककात मोजली जाते: प्रत्येक गाईला १० चा साडेतीनावा घात, म्हणजे सुमारे तीन हजार.

पेशीबदलाचा सर्वांत मोठा परिणाम मात्र विषाणू मवाळ होण्यात दिसतो. ज्या जनावरात तो राहतो ते सोडून भलत्याच पेशींत पुन्हा पुन्हा वाढवला की नव्या घराची सवय लागते आणि जुन्या घराची जहालता उतरते. गुरांच्या बुळकांडी रोगाचा विषाणू वॉल्टर प्लॉराइट यांनी केनियात वासराच्या मूत्रपिंडाच्या पेशींत असा नव्वदच्या आसपास फेऱ्यांतून नेला. त्या पेशीसंवर्धित लशीने भारतातून बुळकांडी हद्दपार केली आणि २०११ मध्ये जगातून तिचे निर्मूलन जाहीर झाले. देवीनंतर माणसाने पुसून टाकलेला हा दुसरा रोग. ज्या घरांत एकेकाळी बैलजोडी एका आठवड्यात दावणीवरून गेली, तिथे तो शब्दही आता वापरात नाही.

लंपीच्या लशीमागे हीच पद्धत आहे. भारतात लंपी प्रथम २०१९ मध्ये ओडिशात दिसला. त्याच वर्षी रांचीच्या गाईंतून घेतलेला विषाणू हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने शेळीच्या मूत्रपिंडाच्या पेशींत वाढवला, आणि पुढे व्हेरो पेशींत ५० फेऱ्यांतून नेऊन जहालता उतरवली. बरेलीजवळच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेच्या साहाय्याने तयार झालेली ही लस लंपी-प्रोव्हॅक या नावाने ऑगस्ट २०२२ मध्ये जाहीर झाली. त्याच वर्षी महाराष्ट्रात लंपीची मोठी लाट आली. राज्यात सुमारे १ कोटी ४० लाख गोवंश आणि नवी लस अजून तेवढ्या प्रमाणात तयार नाही, त्यामुळे हाताशी असलेल्या शेळ्यांच्या देवीच्या लशीवरच गुरे सांभाळावी लागली. दोन्ही विषाणू सख्खे नातलग असल्याने ती गाईंना उपयोगी पडते. औंधच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेला या दोन्ही लशी बनवण्याचे हक्क मिळाले, त्याचा करार डिसेंबर २०२२ मध्ये नागपुरात झाला. नव्या लशींची नावे वर्तमानपत्रात ठळक छापली जातात, पण ५० फेऱ्यांच्या कष्टांबद्दल कोणी चार ओळी लिहीत नाही.

माणसांच्या लशींसाठीही पुण्यात पेशीसंवर्धनाचे मोठे काम चालते. सीरम इन्स्टिट्यूटची गोवराची लस मानवी पेशींवर तयार होते. मार्च २०२० मध्ये एनआयव्हीने करोनाचा विषाणू व्हेरो पेशींत वाढवून वेगळा काढला. संस्थेने दिलेल्या अशाच एका वाणावरून हैदराबादेत कोव्हॅक्सिन तयार झाली: विषाणू व्हेरोत वाढवायचा आणि मग रसायनाने मारायचा. जून २०२१ मध्ये या लशीत वासराचा रक्तरस असल्याची अफवा पसरली. सरकारला खुलासा करावा लागला की रक्तरस व्हेरो पेशी वाढवताना वापरतात, नंतर पेशी धुऊन घेतात आणि लशीत तो उरत नाही. रक्तरस हे या तंत्राचे अवघड दुखणे आहे खरे. तो महाग असतो, बॅचगणिक बदलतो आणि त्यामागे जनावरांचा जीव असतो. म्हणून रक्तरसाविना पेशी वाढवण्याचे द्रव शोधले गेले आहेत, पण सगळ्या पेशी त्यावर रमत नाहीत.

दुसरे दुखणे आगंतुकांचे. पूर्वी माकडाच्या मूत्रपिंडातून थेट काढलेल्या पेशींत पोलिओची लस वाढवली जाई. त्या पेशींतच एसव्ही-४० नावाचा विषाणू दडलेला होता, आणि हे १९६० मध्ये कळले तोवर कोट्यवधी लोकांना लस टोचून झाली होती. तेव्हापासून पेशींचा प्रत्येक वंश आधी स्वतः तपासला जातो. मायकोप्लाझ्मा नावाचे सूक्ष्म जीव तर साध्या सूक्ष्मदर्शकात दिसतही नाहीत आणि पेशी आजारी असल्याचे महिनोन्महिने कळू देत नाहीत. आणखी एक काळजी म्हणजे विषाणूने बाहेर पडणे. २००७ मध्ये इंग्लंडच्या सरे परगण्यात लाळ-खुरकूत पसरले, ते एका प्रयोगशाळेच्या आवारातील गळक्या ड्रेनेजमधून. जीवघेण्या विषाणूंसाठी पुण्यात पाषाण येथे एनआयव्हीने सर्वोच्च दर्जाची, म्हणजे चौथ्या पातळीची प्रयोगशाळा डिसेंबर २०१२ मध्ये सुरू केली. तिथे हवेचा दाब बाहेरपेक्षा कमी ठेवतात, म्हणजे हवा आत येते, बाहेर जात नाही. माणसे हवा भरलेल्या बंद पोशाखात काम करतात आणि निघताना रसायनांनी न्हाऊन निघतात.

लंपीची लस जिवंत विषाणूची असते. गोठवून वाळवलेली कुपी २ ते ८ अंशांत ठेवावी लागते आणि द्रवात मिसळल्यावर काही तासांत संपवावी लागते. मढकडे निघालेल्या डब्यात बर्फ असेल तरच ती कुपी कामाची. उन्हात उघडी राहिली तर व्हेरो पेशींनी ५० फेऱ्यांत घडवलेला विषाणू मरतो, आणि गाईला टोचले जाते ते केवळ पाणी. म्हणून लस टोचून घेताना पशुवैद्यकाच्या डब्यात बर्फ आहे का, हे विचारून घ्यावे. विचारण्यात कोणाचा अपमान होत नाही.